वाऱ्याला उभा

गुरुदत्तने चिमटीतली म्हातारी सोडली. ती जरा घुटमळली, वर चढली आणि झाडाला बांधलेल्या गुलाबी फितीवरून तरंगत पलीकडे गेली.

"बघ," फितीच्या पलीकडून शैलेंद्र म्हणाला. "सरळ माझ्या हद्दीत. तू इथे मचाण लावलंस तर तुझा सगळा वास माझ्याकडे येणार. एक हरीण फिरकणार नाही."

"मग? जमिनीची मोजणी करून घेतलीस तेव्हाच सर्व्हेअरला सांगायचंस, हवेचीही कर म्हणून."

"थोडं मागे घे यार. एवढी जागा पडलीय."

"माझी जमीन आहे. मी झाडावर बसेन, नाहीतर झाडाखाली पोथी वाचेन. आणि तू माझ्या वाऱ्याला उभा राहणार नव्हतास ना? आता बरोब्बर वाऱ्याला उभा आहेस."

शैलेंद्रने आपण कुठे उभे आहोत ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तो वळला आणि झाडीत निघून गेला. गुरुदत्तला फार बरं वाटलं. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

म्हातारी म्हणजे इथल्या रानातल्या मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस. वारा बघायला इथले शिकारी तो सोडतात. आपल्याकडच्या रुईच्या उडत्या बीसारखाच तो दिसतो, म्हणून या दोघांनी पहिल्याच वर्षी त्याचं नाव म्हातारी ठेवलं होतं. दोघं राहायचे त्या ट्रॉयहून उत्तरेला काही तासांवर, दोघांनी मिळून घेतलेलं हे चाळीस एकर रान. महाराष्ट्र मंडळात लोक नावं ठेवायचे, ब्राह्मणाची पोरं हरणं मारतात म्हणून. ठेवोत बापडे. नोव्हेंबर आला की हे दोघे नारिंगी जाकिटं चढवून निघायचेच.

बिनसलं ते मागच्या नोव्हेंबरात, पण कळलं जानेवारीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीत दोघं. गुरुदत्त डिझाइनला, शैलेंद्र चढत चढत मॅनेजर झालेला. जानेवारीत कपात झाली आणि गुरुदत्तला खोक्यात टेबलावरचं सामान भरून घरी पाठवलं. मग कुणाकडून तरी समजलं, की शैलेंद्रला हे ऑक्टोबरपासूनच ठाऊक होतं. म्हणजे नोव्हेंबरात रानातल्या लाकडी केबिनमध्ये गुरुदत्तने थापलेली थालीपिठं लोणी लावून हादडताना या गृहस्थाला सगळं ठाऊक होतं!

मंडळाच्या संक्रांतीला शैलेंद्र वडी घेऊन पुढे आला. म्हणाला, "गुर्‍या, मला सांगायची परवानगी नव्हती रे." गुरुदत्तने वडीकडे पाहिलंसुद्धा नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर तो म्हणाला, "यापुढे माझ्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस." शैलेंद्रने वडी परत डब्यात ठेवली. "नाही राहणार," म्हणाला. उन्हाळ्यात रानाची वाटणी झाली आणि झाडांना गुलाबी फिती लागल्या. केबिन गुरुदत्तच्या वाट्याला आली. शैलेंद्र आता गावातल्या मोटेलात उतरायचा आणि पहाटे गाडीने यायचा.

यंदाचा सीझन गुरुदत्तचा शेवटचा होता. ट्रॉयचं घर विकलं गेलं होतं. थँक्सगिव्हिंगनंतर मुलीकडे, मॉरिसव्हिलला जायचं. "अहो, रविवारी संध्याकाळपर्यंत परत या," उत्तराने बजावलं होतं. "मला एकटीला नाही जमायचं पॅकिंग. आणि तिकडे जावयासमोर बंदुका नाचवायच्या नाहीत." म्हणजे गुरुवार ते रविवार, एवढंच काय ते हातात. आणि गुरुदत्तला सरपंच हवा होता.

सरपंच म्हणजे एक थोराड नर. शिंगं अशी, की झुडपातून मान काढायची तर तिरकी करावी लागे. दोन वर्षं तो दोघांना हुलकावणी देत होता. नाव शैलेंद्रनेच ठेवलेलं. कारण तो सगळ्यांच्या शेवटी यायचा आणि आला की बाकीची हरणं बाजूला व्हायची. गुरुदत्तला या रानातून रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. नोकरी गेली, घर गेलं, निदान सरपंच तरी आपल्या हातून.

हरणांची वाट त्याला पाठ होती. रात्रभर ओकखाली फळं खायची आणि उजाडताना उत्तरेच्या दलदलीत झोपायला जायचं. वाट फितींना लागून, गुरुदत्तच्याच बाजूने. हरणाला डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त दिसतं. म्हणून वारा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवा. इथला वारा बहुतेक पश्चिमेचा. तेव्हा बसायचं वाटेच्या पूर्वेला, फितींना खेटून. आपला वास मागे शैलेंद्रच्या रानात जातो, तर जाऊ दे की. उलट चांगलंच आहे.

इतकं चांगलं, की यंदा गुरुदत्तने एक उद्योग केला. आजवर दोघांची जाकिटं गॅरेजमध्ये, सीडरच्या पाल्यात ठेवलेली असायची. घरचा वास म्हणून लागू द्यायचे नाहीत. यंदा त्याने जाकीट आठवडाभर शेगडीशेजारी टांगलं. उत्तरा रोज हिंगाची फोडणी करत होती.

"अहो, जाकिटाला वास लागतोय."

"लागू दे."

"हरणं पळतील ना."

"त्याची पळतील," गुरुदत्त म्हणाला. उत्तराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि गॅस बारीक केला.

गुरुवारी माद्या आल्या. शुक्रवारी एक कोवळा नर आला. गुरुदत्तने सगळ्यांना सोडून दिलं. शैलेंद्रचं मचाण त्याच्या मागे, झाडांतून नारिंगी ठिपका दिसेल एवढ्यावर होतं. वारा पश्चिमेचा, भरपूर. तिकडून एकदाही बार ऐकू आला नाही. शनिवारी तर शैलेंद्रच्या बाजूने हरणांचे फुत्कार आले, मग शेपट्या वर करून पळतानाचा पाचोळा वाजला. हिंग पोचला होता. गुरुदत्त मनातल्या मनात हसला. पण सरपंच काही आला नाही.

शनिवारी संध्याकाळी वारा पडला, आणि रविवारी पहाटे फिरलेला होता. पूर्वेचा. गुरुदत्तने लगबगीने मचाण उचललं आणि वाट ओलांडून पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला लावलं. धापा टाकत वर चढून बसला. आता त्याचा वास पाठीमागे जात होता. जागा अगदी बरोबर होती. फक्त एक गोष्ट त्याच्या हातात नव्हती. वाऱ्याच्या तोंडाशी आता शैलेंद्र बसलेला होता. त्याचा वास फिती ओलांडून थेट वाटेवर येणार, आणि सरपंच दलदलीकडे निघेल तो नाक वर करून माघारीच फिरणार.

उजाडलं. पूर्वेकडून एक म्हातारी तरंगत आली. फिती ओलांडल्या, वाट ओलांडली आणि गुरुदत्तच्या गुडघ्यावर येऊन टेकली. शैलेंद्रने सोडलेली. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

संपलं, गुरुदत्तला वाटलं. तीन दिवस आपण याला हिंग हुंगवला, आता हा बसेल दुपारपर्यंत मांडी ठोकून. आणि का बसू नये? मी बसलो असतो.

मग शिडीचा आवाज झाला. नारिंगी ठिपका खाली उतरला. बंदूक खांद्यावर टाकून शैलेंद्र पूर्वेला, रस्त्याच्या दिशेने चालू लागला. घाई नाही, राग नाही, मागे वळून बघणंही नाही. झाडांत दिसेनासा झाला.

दिलेला शब्द पाळत होता लेकाचा. वाऱ्याला उभा राहिला नाही. गुरुदत्तला भयंकर संताप आला. भांडला असता तर बरं झालं असतं. हे असलं मोठेपण कोणी मागितलं होतं?

सूर्य झाडांच्या बुंध्यांवर आला तेव्हा ओककडून सरपंच निघाला. मान तिरकी करून, एकेक पाऊल टाकत. नाक वर केलं, पूर्वेचा वारा हुंगला. काही नव्हतं. पुढे आला. गुरुदत्तने श्वास रोखला आणि चाप ओढला.

सरपंच थोडा धावला आणि पडला.

इतकी वर्षं बार झाला की मारणारा तोंडाला हात लावून "होऽऽ" म्हणून हाळी द्यायचा. दुसरा जिथे असेल तिथून यायचा. आधी शिव्या द्यायचा, मग एकाने एक शिंग धरायचं, दुसऱ्याने दुसरं. डावीकडे गुरुदत्त, उजवीकडे शैलेंद्र. असं कधी ठरलं नव्हतं, पण तसंच असायचं. आणि केबिनपर्यंत ओढत न्यायचं.

रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पण ती निघाली नाही. तिथेच घरघरत राहिली.

बार ऐकलाय त्याने. थांबलाय. गुरुदत्तने दोन्ही हात तोंडाशी नेले, छाती भरून श्वास घेतला. आवाज ओठांपर्यंत आला. मग संक्रांतीचा दिवस आठवला, टेबलावरचं सामान भरलेलं खोकं आठवलं, थालीपिठं आठवली. त्याने हात खाली घेतले.

गाडी अजून थोडा वेळ घरघरली. मग गेली.

ती पार ऐकू येईनाशी झाल्यावर गुरुदत्त खाली उतरला. सरपंचाचं पोट चिरून साफ केलं, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि ओढायला लागला. सरपंच जड होता. शिवाय पावलापावलाला वाकडा होऊन झाडांत अडकत होता. गुरुदत्त थांबायचा, त्याला सरळ करायचा, पुन्हा वाकायचा. दोन्ही शिंगं धरून मधोमध चाललं असतं तर सोपं गेलं असतं. केबिन दिसायला लागली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण सगळी वाट डाव्या बाजूने चालत आलोय, आणि धरलंय फक्त डावं शिंग.

जरा दम खाऊन त्याने पुन्हा तेच धरलं.