शुक्रवारचं कोरड्यास

चिकुनगुनियाच्या साली मंगळवार पेठेतली आमची निम्मी गल्ली गुडघे धरून चालत होती. दारोदार फिरणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा. पिंपं रिकामी करून घासा, म्हणजे डास होणार नाहीत."

आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कमी ऐकू येतं. त्या लगेच गल्लीभर सांगत सुटल्या, "शुक्रवारी आमच्यात कोरड्यास हाय, या!" कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर खायचं कालवण. माझं डोकंच फिरलं. बाई सांगतात काय, ह्या ऐकतात काय! आणि वाटण वाटायचं कुणी? मीच की.

शुक्रवारी मी आदळआपट करत पातेलंभर अख्खा मसूर शिजवला. बायका भाकऱ्या घेऊन आल्या, पोटभर जेवल्या. शेवटी मी आत्तींच्या कानात ओरडले, "बाई कोरडा दिवस म्हणाल्या होत्या, कोरड्यास न्हाय!"

"ऐकलंय की मी," आत्ती म्हणाल्या. "नुसतं पिंप घासा म्हटल्यावर कोण घासतंय? बाहीर बघ जा."

मी उंबऱ्यात गेले. गल्लीतल्या प्रत्येक दारात पिंप घासून पालथं घातलं होतं.

"जिचं पिंप पालथं," मागून आत्ती म्हणाल्या, "तिलाच कोरड्यास."