मोठीचा टाक

पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालेल्या बसमध्ये भगवंतराव बसले होते आणि त्यांच्या खिशात एक खोटा बादशहा होता. विकणारा माणूस नाणं हातावर ठेवून आमल्याची गाडी पकडून गेला, आणि मग स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी भिंग काढलं. काठाला साच्याची बारीक शीर लागत होती. बादशहाच्या गालावर ओतीव चांदीचे बुडबुडे होते. आधीच भिंग काढलं असतं तर? पण माणसासमोर भिंग लावणं त्यांना कधी जमलं नाही, समोरच्याला चोर म्हटल्यासारखं वाटायचं. या एका सभ्यपणापायी ते तीस वर्षं फसत आले होते.

रोमन नाण्यांचं हे खूळ शाळेतलं. बोरगावला इतिहास शिकवत असताना कुठेतरी वाचलं, की रोमच्या बायकांना आपल्याकडचं तलम कापड हवं असायचं आणि त्यापायी तिकडची चांदी जहाजं भरभरून इकडे यायची. झालं, मास्तर घायाळ. हा सगळा मुलूखच कापसाचा. तेव्हा त्यातलं एखादं तरी नाणं इकडे आडवाटेला पडलेलं असणारच, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग पुस्तकं आली, भिंग आलं, अल्बम आला. नुसत्या नाकावरून बादशहा ओळखण्यापर्यंत मजल गेली. अल्बमातली नाणी मात्र एकजात खोटी निघाली.

तरी त्यात सुख नव्हतं असं कोण म्हणेल? नाणं तळहातावर पडतं आणि भिंग अजून खिशात असतं, तेवढा वेळ ते खरं असतं. त्या जरा वेळासाठी भगवंतराव वर्षवर्ष वाट बघायचे. आता तेही नको झालं होतं. एकदा, फक्त एकदा, खरं नाणं हातात यावं एवढीच इच्छा होती, आणि ती पुरी व्हायची नाही हे बसच्या खिडकीशी बसून त्यांनी कबूल करून टाकलं. अल्बम माळ्यावर टाकायचा, विषय संपवायचा. राग यायलाही अंगात त्राण नव्हतं.

घरी आले तर पंचफुलाबाई दारातच उभ्या होत्या, मूठ मिटलेली.

"मोठीची कडी तुटली जी," त्या म्हणाल्या. "बरं झालं, मोरीत नाही पडली. भैय्याजीकडे नेऊन द्या."

मोठी म्हणजे सुचिता, भगवंतरावांची पहिली बायको. लग्नाला दीड वर्ष झालं नाही तोच काविळीने गेली. पंचफुलाबाई दुसरेपणावर दिलेल्या, म्हणून रिवाजाप्रमाणे लग्नातच सासूने त्यांच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा गोल तुकडा. त्यावर हळदकुंकवाचे इतके थर चढले होते की खाली काय आहे ते दिसतही नव्हतं. भगवंतराव त्याच्याकडे बघायचं टाळत. सुरुवातीला दुःखाने, नंतर संकोचाने, आणि पुढे नुसती सवय म्हणून.

भैय्याजी सोनार मळकी वस्तू हातात घेताना तोंड वाकडं करायचा, म्हणून त्यांनी वाटीत कोमट पाणी घेतलं आणि जुन्या दातांच्या ब्रशने टाक धुवायला घेतला. पाणी लाल झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या पाण्यात अक्षरं दिसली.

भगवंतरावांनी चष्मा पुसला. भिंग आणलं. काठ वेडावाकडा, हातोड्याच्या घावाने फाकलेला. साच्याची शीर नाही, बुडबुडे नाहीत. गाल झिजलेला, पण नाक शाबूत. ते नाक त्यांनी पुस्तकात हजारदा पाहिलं होतं. टायबेरियस. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात फांदी. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हाक मारली.

"पंचफुला, हे आईनं कुठून आणलं होतं?"

"आणते कुठून? तुमच्याच देव्हाऱ्यातल्या डबीत होतं. नवा टाक काहून घडवाचा, हे बाईचंच तोंड हाय, डोक्यात वेणी हाय, म्हणे सासूबाई. अन् कडी लावून घेतली."

"वेणी नाही वं ते. पानाची माळ हाय. हा रोमचा बादशा हाय."

पंचफुलाबाईंचे हात कणकेने भरले होते. ते तसेच धरून त्या खाली बसल्या.

"म्हणजे माणूस हाय?"

"हो."

त्या हसतील असं भगवंतरावांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"नवं लुगडं आधी याले दाखवलं," पंचफुलाबाई हळूहळू म्हणाल्या. "पुरणाचा पहिला घास याले. आपल्या तृप्तीच्या वेळेस कळा सोसवत नव्हत्या, त याच्याच पाया पडलो, का मोठी, सांभाळून घे."

भगवंतरावांना बायकोची दया आली. पण मुठीत नाणं होतं आणि मूठ उघडत नव्हती.

"दुसरा टाक करू," ते म्हणाले. "चांगला, बाईचा. भैय्याजीकडून मनासारखा घडवून आणतो. हा मले दे." आपल्याच घरात चोरी करून राहिलो आहोत असं त्यांना वाटलं, तरी बोलून गेले.

"आणा ना. पण कसा घडवान? कशी होती ते दिसाले?"

लग्नाचा एकच फोटो होता, त्याला कधीच बुरशी लागून दोघांच्या तोंडाच्या जागी पांढरे डाग उरले होते. भगवंतरावांनी डोळे मिटले. हिरवं लुगडं आठवलं. पायरीवर वाजणारी जोडवी आठवली. लुगड्याच्या वर काहीच नव्हतं.

"उंच होती," ते म्हणाले, आणि तेही खरं की काय, त्यांना सांगता येईना.

"नाक?"

दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची नाकं त्यांना पाठ होती. भगवंतरावांना स्वतःची शरम वाटली, इतकी की त्यांनी मान खाली घातली.

पंचफुलाबाईंनी कणकेचे हात पदराला पुसले आणि त्यांच्या मुठीतून टाक काढून घेतला. तो त्यांनी उलटा केला.

"अन् हे बसलेली बाई कोण हाय?"

"पक्कं कोणालेच माहीत नाही. बादशाची माय म्हणते कोणी. कोणी म्हणते देवी."

"तोंड नाही इले."

"तुझ्या गळ्यात घासून गेलं."

पंचफुलाबाईंनी त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला.

"मंग हेच सुचिता," त्या म्हणाल्या. "दुसरा नका करू. कोणी तरी त पाहिजे तिच्या जागी. भैय्याजीले सांगा, हे बाई सरळ राहीन अशी कडी लाव. बादशाले मागं राहू दे."

दुकानात भैय्याजीने टाक उलटसुलट पाहिला. "मास्तर, जुनी वस्तू दिसते. लई आच लागली त खराब होईन. जपून करू का?"

फुंकणी तयार होती. भगवंतरावांना ठाऊक होतं, आच लागली की ते नाणं कोणत्याही संग्रहाच्या कामाचं उरणार नाही. नाही म्हणायला अजून वेळ होता.

"जपू नको," ते म्हणाले. "पक्की लाव. पुन्हा तुटाले नको."

ज्योत काठाला लागली आणि चांदी काळवंडली. भगवंतराव जागचे हलले नाहीत.

घरी येऊन त्यांनी खोटा बादशहा अल्बमात लावला आणि अल्बम माळ्यावर टाकला. मग नव्या काळ्या दोऱ्यात टाक ओवला. पंचफुलाबाई पाठ करून बसल्या, त्यांनी मानेवरचा अंबाडा वर धरला, भगवंतरावांनी गाठ मारली. बाई पुढे, बादशहा कातडीला टेकलेला. पंचफुलाबाईंनी करंगळीने तोंड नसलेल्या बाईला कुंकू लावलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

"तुमीबी पाया पडा."

भगवंतरावांनी हात जोडले. काय मागावं ते सुचेना. म्हणून त्यांनी नुसतं नाव घेतलं, "सुचिता." किती तरी वर्षांनी घेतलं होतं. पंचफुलाबाईंनी टाक चोळीच्या आत सारला आणि उरलेली कणीक मळायला घेतली.