आखूड दिसलेला पाय

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि समोर गुडघे टेकून सांधेबाबांनी त्यांचे दोन्ही पाय पुढे ताणून टाचांना धरले होते.

"बघा सगळ्यांनी. डावा पाय आखूड. कंबर विश्वाच्या मध्यापासून सरकली की पाय आखडतो. मग गुडघा दुखतो, पाठ दुखते, घरात भांडणं होतात."

भांडणं म्हटल्यावर बऱ्याच माना डोलल्या. बाबांनी डोळे मिटले, घशातून भोवऱ्यासारखा आवाज काढला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डावी टाच सरकत सरकत उजवीच्या बरोबरीला आली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्चीतल्या बाई उठल्या, काठी तिथेच ठेवून चार पावलं चालल्या आणि रडू लागल्या.

शेवटच्या रांगेत त्यांची धाकटी बहीण बसली होती. ती फिजिओथेरपी कॉलेजात प्राध्यापक होती. उतारवयात बायकांची हाडं पोकळ का होतात आणि योग्य व्यायामानं ती कशी टिकवता येतात, यावर तिचं सारं संशोधन. विद्यार्थी तिला पाठीमागे हाडबाई म्हणत आणि तिला ते माहीत होतं. बाबांनी काय केलं ते हाडबाईंना पहिल्याच झटक्यात कळलं होतं. पण ताई रडत होती, आणि गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी आनंदानं रडलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्या जागेवरून उठल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी तोंड उघडलं. पाय आधीही आखूड नव्हता आणि आता लांबही झालेला नाही, असं त्यांनी समजावून पाहिलं. ताईची हाडं ठिसूळ झाली होती, दुखणं त्याचं होतं. गोळ्या चालू ठेव, व्यायाम सोडू नकोस, काठी टाकू नकोस, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "तू मला व्यायाम दिलास. पण बाबांसारखं कधी हात धरून विचारलंस, की ताई, किती दुखतं गं तुला?"

ताईचे यजमान, भावोजी, गाडी चालवत होते. बाबांना त्यांनीच शोधून काढलं होतं, त्यामुळे ते आरशातून मागे बघायचं टाळत होते.

ताईनं गोळ्या बंद केल्या. बाबा म्हणाले होते, औषध चालू म्हणजे श्रद्धा अर्धी. हाडबाई रोज फोन करायच्या, ताई हवापाण्याचं बोलायची आणि ठेवून द्यायची.

एका सकाळी भावोजींचा फोन आला. ताई न्हाणीघराच्या दारात पडली होती. हाडबाई पोचल्या तेव्हा ताई जमिनीवरच होती, घामानं डबडबलेली. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्ट आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. बाबांचा एक शिष्य टाच धरून ओढायच्या तयारीत बसला होता. भावोजींनी त्यालाच आधी बोलावलं होतं.

"पाय सोडा," हाडबाई म्हणाल्या.

"मॅडम, बाबांनी शिकवलंय. ओढला की पाय लांब होतो."

"आज तो खरोखर आखूड झालाय. खुब्याचं हाड मोडलंय. तुम्ही ओढलंत तर आत काय फाटेल, ते तुमच्या बाबांनाही सांगता येणार नाही. हात काढा."

आवाज चढला नव्हता, पण शिष्याचे हात आपोआप सुटले. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हाडबाई बहिणीशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. तिचा हात हातात धरला आणि विचारलं, "किती दुखतंय गं?"

"खूप," ताई म्हणाली. एवढंच.

शस्त्रक्रिया झाली. ताई उठून बसू लागली, पण पूर्वीसारखं चालता येईल का, हे डॉक्टर ठामपणे सांगेनात. एका संध्याकाळी तिनं भिंतीकडे बघत विचारलं, "मग त्या दिवशी पाय वाढला कसा?"

बाबांचा पुढचा कार्यक्रम त्याच सभागृहात होता. हाडबाई गेल्या आणि भावोजीही सोबत आले. बाबांनी एका म्हाताऱ्याचा पाय वाढवल्यावर भावोजीच उभे राहिले. माझा पाय माझी मेहुणी वाढवून दाखवेल, असं म्हणत ते खुर्चीत जाऊन बसले. बाबांनी हसून परवानगी दिली. श्रद्धाळू माणूस दिसतोय, असं त्यांना वाटलं असावं.

हाडबाई गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी भावोजींच्या टाचा धरल्या.

"दोन्ही टाचा जुळवून मी भावोजींच्या उजवीकडे किंचित नेते. बघा, डावा पाय आखूड झाला. आता हळूच मध्ये आणते. वाढला. कंबर खुर्चीत जरा वळलेली असली की हे आणखी छान दिसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते, कारण दिसणारा आखूडपणा आणि असलेला आखूडपणा यांत फसायला होतं. मोजायचं ते कंबरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत, फितीनं. बाबा, ही घ्या फीत. कुणाचाही पाय आधी मोजा, मग वाढवा."

बाबांनी फीत घेतली नाही. या सभागृहात शंकेची लहर शिरली आहे, इथे शक्ती काम करणार नाही, असं काहीतरी पुटपुटत ते मागच्या दारानं निघाले. लोकांपैकी काही त्यांच्या मागेही गेले. बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या टाचा धरून पाहिल्या, आणि सभागृहभर पाय आखडू-वाढू लागले. हसू मात्र कुणाला आलं नाही.

एका बाईनं विचारलं, "पण माझा गुडघा दोन दिवस दुखला नाही, ते खोटं का?"

"नाही," हाडबाई म्हणाल्या. "आपल्याकडे कुणी लक्ष दिलं, आशा वाटली, की वेदना खरंच कमी होते. आम्हीही ती माया द्यायला हवी, आणि माझ्या घरातच मी कमी पडले. पण वेदना कमी झाली म्हणून हाड भरत नाही. हाडाला टाळ्या ऐकू येत नाहीत. त्याला औषध लागतं, व्यायाम लागतो आणि वेळ लागतो. माझी बहीण आज पलंगावर आहे, कारण कुणीतरी तिला सांगितलं की औषध घेणं, प्रश्न विचारणं म्हणजे अश्रद्धा. बरं करतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारा, मलासुद्धा विचारा: कशानं बरं होणार, आणि ते मोजून दाखवाल का? ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हाती आपला पाय देऊ नका."