चौरंगावरील तीन यंत्रे

खंडेनवमीला घरातील उपकरणांची पूजा करावी, हा अण्णांच्या घरचा जुना नेम होता. पूर्वी या पूजेत पोथ्यांशेजारी विळी, कात्री आणि कोकणातून आणलेली कुदळ असे. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कुदळीला काम उरले नाही आणि तिची जागा संगणकाने घेतली. नेम मात्र तोच राहिला. पूजेला बसवायचे उपकरण विसावलेले असावे, चालत्या उपकरणावर अक्षता पडू नयेत, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कामाला लावू नये. अण्णांनी तो आजवर कधी मोडला नव्हता.

या वर्षी चौरंगावर तीन यंत्रे मांडायची होती. अण्णांचा विंडोजवर चालणारा जुना संगणक, मुलगा साकेत याचा मॅक, आणि सून आसावरी हिचा लिनक्सवर चालणारा लॅपटॉप. साकेत ठाण्याला एका कचेरीत नोकरी करी. आसावरी दिवसभर दूरदूरच्या सर्व्हरांची देखभाल करी. मध्यभागी अण्णांचा संगणक असावा याविषयी कोणाचे दुमत नव्हते, कारण त्याच्या पोटात गुरुजींचा ग्रंथ होता.

गुरुजी टिटवाळ्याला नातीकडे राहत. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. मीमांसाशास्त्रातील विधिविचारावर, म्हणजे मनुष्याने काय करावे, केव्हा करावे आणि कोणाच्या सांगण्यावरून करावे या विषयावर, त्यांनी अण्णांना वर्षानुवर्षे तोंडी सांगितले होते. ठाण्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी ते सारे अक्षरबद्ध केले. त्यासाठी लागणारा टंकलेखनाचा प्रोग्राम शिवराम या त्यांच्या स्नेह्याने स्वतः लिहून दिला होता. ठाण्यात खोपटला बस आगाराच्या मागे शिवरामचे अक्षरजुळणीचे दुकान होते. बाजारातील प्रोग्रामांत न सापडणारी दुर्मीळ जोडाक्षरे त्याने अण्णांच्या शेजारी बसून एकेक करून घडविली. शिवराम गेला, दुकान गेले. प्रोग्राम त्या एका संगणकात राहिला. ग्रंथ आता पूर्ण झाला होता आणि कोजागिरीपर्यंत मुद्रकाकडे जायचा होता. गुरुजी हसून म्हणत, “छापलेले एकदा वाचीन आणि मग निघेन.” अण्णांना ते हसणे अलीकडे सोसत नसे.

नवमीच्या सकाळी अण्णांच्या पत्नी वासंतीबाई सहाण घेऊन गंध उगाळीत बसल्या होत्या आणि पिता-पुत्रांत यंत्रांच्या स्वभावाची चर्चा चालली होती. अण्णांचा संगणक कित्येक दिवस अपडेट मागत होता आणि अण्णा ते पुढे ढकलीत होते. साकेतने त्यांना थट्टेने बजावले की तुमचे विंडोज फार दिवस थांबणारे नव्हे. मुदत सरली की ते आपल्या वेळेला आपले काम उरकते, मग मालक पान लिहीत असो वा जेवत असो. माझे मॅक तेवढे सभ्य आहे, विचारते. वर्षाकाठी एकदा मोठा बदल येतो, तोही मी ‘उद्या’ म्हणून लांबवू शकतो. आसावरीने चौरंगाखाली रांगोळी घालता घालता नवऱ्याला टोला दिला.

“विचारतं खरं, पण तुझं ‘उद्या’ गेल्या दिवाळीपासून चाललंय. आणि मोठा बदल आला की जुने प्रोग्राम चालतीलच असं नाही. माझं लिनक्स बघ, काय काय बदलणार त्याची यादी दाखवतं आणि गप्प बसतं. मी पासवर्ड दिला तरच हलतं.”

“आणि तू नाहीच दिलास तर?” अण्णांनी विचारले.

“मग तसंच राहतं, अण्णा. बिघडलं तर दोष माझा.”

अण्णांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. मग ते प्रसन्न होऊन म्हणाले की शास्त्रात कर्माचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, तेच येथे चौरंगावर बसले आहेत. विंडोजचे अपडेट हे नित्यकर्म. तुमची इच्छा असो वा नसो, ते व्हायचेच. मॅकचे नैमित्तिक, निमित्त आले की करायचे. आणि लिनक्सचे काम्य. ज्याला फळ हवे त्याने संकल्प सोडावा.

“गुरुजींना सांगायला हवे हे,” ते म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्याचे हसू उमटले होते.

मुहूर्त जवळ आला. साकेत आणि आसावरी तोरणासाठी झेंडू आणायला बाजारात उतरले. अण्णा आपला संगणक बंद करावयास बसले, तेव्हा बंद करण्याच्या ठिकाणी ‘अपडेट करून बंद करा’ असा पर्याय वर दिसला. इतके दिवस पुढे ढकललेले नित्यकर्म पूजेआधी उरकावे, हे त्यांना उचितच वाटले. त्यांनी तो पर्याय दाबला. पडद्यावर टक्केवारी चढू लागली आणि खाली, संगणक बंद करू नका, अशी आज्ञा आली. अण्णांनी ती वाचली आणि हात जोडल्यासारखे करून वाट पाहिली.

काही वेळाने पडदा काळा झाला. अक्षर नाही, चक्र नाही. अण्णांना वाटले, संगणक विसावला. आता त्यावर प्रोक्षण व्हायचे होते. पाणी आणि वीज यांची गाठ पडू नये म्हणून मिक्सर धुण्यापूर्वी वासंतीबाई जे करीत, तेच अण्णांनी केले. भिंतीवरचे बटण बंद केले आणि तार काढून नीट गुंडाळून ठेवली. मग आंब्याच्या पानाने त्यांनी तिन्ही यंत्रांवर पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली. मधल्या यंत्रासमोर मस्तक टेकविताना त्यांच्या मनात गुरुजींचे पाय होते.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली आणि संगणक सुरू केला, तो सुरू झाला नाही. निळ्या पडद्यावर इंग्रजीत काही ओळी येत, यंत्र पुन्हा अंधारात जाई आणि पुन्हा त्याच ओळी घेऊन परत येई. साकेतने अण्णांना सारा क्रम विचारून घेतला. तार केव्हा काढली, हे त्याने पुन्हा एकदा विचारले. त्या पुन्हा विचारण्यातच अण्णांना काय ते कळले.

“पडदा काळा होता रे,” अण्णा म्हणाले.

“मध्येच होतो तसा, अण्णा. ते काम अर्ध्यावर होतं.”

आसावरीने पेनड्राइव्हवरून आपले लिनक्स त्या मृतवत संगणकात चालविले आणि हार्ड डिस्कच्या तबकडीवरच्या फायली उघड्या केल्या. गुरुजींच्या ग्रंथाची सारी प्रकरणे नावानिशी तेथे होती. वासंतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. परंतु आसावरीने पहिले प्रकरण उघडले, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, चौकोन आणि आकडे यांचा चिखल दिसला. शिवरामचा प्रोग्राम अक्षरे आपल्याच सांकेतिक रीतीने साठवीत असे; तो चालू असल्याखेरीज त्यांचे वाचन होत नसे. विंडोज दुरुस्त होईना, म्हणून फायली आधी बाजूला उतरवून घेऊन ते नव्याने घालावे लागले. प्रोग्रामची प्रत सापडली, तीही त्यात घातली. ती उघडली आणि नव्याने घातली म्हणून तिने एक परवलीचा अंक मागितला, जो शिवरामला दूरध्वनी करून विचारावा अशी नम्र सूचना तिच्याखाली होती. शुद्ध मराठीत. ती अण्णांनीच एकदा शिवरामला लिहून दिली होती.

अण्णांनी सूचनेतला दुकानाचा क्रमांक फिरविला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे एका स्त्रीच्या आवाजाने तीन भाषांत सांगितले.

आसावरीने फायली आपल्या कार्यालयातील जाणत्यांना दाखविल्या. संकेत उलगडता येईल, परंतु संकेताची किल्ली हाती नसता त्याला किती काळ लागेल ते सांगता येत नाही, असे उत्तर आले. छापील प्रत काढली होती ती फक्त पहिल्या दोन प्रकरणांची. पुढचे अण्णा पडद्यावरच वाचीत आणि पडद्यावरच सुधारीत. कागद वाया घालविणे त्यांना आवडत नसे.

“अहो, गुरुजींनी सांगितलंय ना सगळं तुम्हाला? पाठ असेल तुमचं,” वासंतीबाई म्हणाल्या.

कोजागिरीच्या दुपारी साकेतने त्यांना गाडीने टिटवाळ्याला नेले. नव्या इमारतींच्या रांगेत गुरुजींच्या नातीचे, रुचिताचे घर होते. तिने दारातच हलक्या आवाजात सांगितले की आजोबा हल्ली माणसे विसरतात. सकाळी बरे असतात, दुपारचे सांगता येत नाही. गुरुजी खिडकीपाशी पलंगावर बसले होते. अण्णांनी साष्टांग नमस्कार घातला आणि घडले ते सांगितले. पडदा काळा झाल्याचे, तार गुंडाळल्याचे, शिवरामच्या क्रमांकाचे. तीन यंत्रांची आणि तीन कर्मांची गंमत मात्र त्यांना सांगवेना.

गुरुजींनी सारे शांतपणे ऐकले. मग विचारले, “ग्रंथ कोणता?”

अण्णांनी रुचिताकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

“विधिविचारावरील विवरण, गुरुजी.”

“अस्से. म्हणा थोडे.”

अण्णांनी मांडी घातली आणि म्हणावयास आरंभ केला. आज्ञा ऐकणाऱ्याच्या ठायी प्रवृत्ती कशी उपजते, आज्ञा देणारा दिसत नसताही ती का पाळावी, येथून गुरुजींचेच शब्द गुरुजींच्याच क्रमाने येत गेले. गुरुजींची बोटे मांडीवर ताल धरू लागली. मध्येच ते “बरोबर” म्हणाले. पहिले प्रकरण सरले, दुसरे सरले. तिसऱ्याचा आरंभ झाला आणि काही वाक्यांनंतर अण्णा थांबले. एक दृष्टान्त होता येथे, गुरुजींनी कधीतरी पावसाळ्यात सांगितलेला. तो अण्णांनी त्याच संध्याकाळी संगणकात उतरविला होता आणि आता तो सुखरूप आहे म्हणून निश्चिंतपणे मनावरून उतरू दिला होता. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे चौकोन आणि आकडे आले.

“सुंदर सांगितले आहे,” गुरुजी म्हणाले. “कोणाचे हे?”

“आपलेच, गुरुजी.”

गुरुजी संकोचाने हसले, जणू कोणी भलतीच स्तुती केली होती. “मला इतके येत नाही हो. पण ज्याचे असेल, तो जाणता खरा.” ते थोडे पुढे सरकले. डोळ्यांत ऐकणाऱ्याची उत्सुकता होती. “पुढे काय म्हणतो तो?”

अण्णांनी पुन्हा तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यापासून आरंभ केला. वाक्ये आली, एकामागून एक, आणि त्याच जागी येऊन थांबली. गुरुजी वाट पाहत होते.