श्यामसुंदर सरांचं बंद पाकीट

"शंभर टक्के!"

"आवाज येत नाही, पालकहो!"

"शंभर टक्के!"

रविवारी सकाळी कांजूरमार्गच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. दहावीचा निकाल लागलेला. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा पहिल्या फेरीचा फॉर्म त्याच संध्याकाळी सहाला बंद होणार. आणि आमचे पालक फॉर्म तपासायचा सोडून इथे घोषणा देत होते. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून होता, पंखे तोच वास हॉलभर फिरवत होते, तरी एकानेही नाकाला रुमाल लावला नव्हता. सगळ्यांचे डोळे स्टेजवर. तिथे श्यामसुंदर सर, कोट आणि टाय घालून, हातात माइक.

"मी बाबा नाही! अंगारा देत नाही, धागा बांधत नाही. आपल्याकडे प्युअर सायन्स! बोटांच्या रेषा म्हणजे मेंदूचा एक्स-रे. दहा बोटं द्या, कुठलं कॉलेज मिळणार ते मशीन सांगणार!"

मुलाने अंगठा टेकवला की मशीनवर हिरवा दिवा लागायचा आणि लोक टाळ्या पिटायचे. माझ्या शेजारी उभे असलेले नाना पुटपुटले, "अहो बाई, ही तर रेशनच्या दुकानातली अंगठ्याची मशीन."

नाना म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचे, तेजलचे आजोबा. मी अनुपमा, इथल्याच शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते आणि तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी भांडायलाच आले होते. आदल्या दिवशी तेजल दाखला न्यायला शाळेत आली आणि सहज बोलून गेली, "बाई, मी फॉर्ममध्ये एकच कॉलेज भरलंय."

एकच! दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने देता येतात. तेजलला एकोणनव्वद टक्के. तिने भरलेल्या कॉलेजची सायन्सची यादी गेल्या वर्षी पंच्याण्णवला थांबली होती. यंदा थोडीफार खाली येईल, पण सहा टक्के? विसरा. तिथे नंबर लागला नाही, तर पहिली फेरी फुकट, आणि पुढच्या फेरीपर्यंत जवळची बरी कॉलेजं भरून गेलेली.

"सर म्हणाले, दुसरं नाव लिहिलं की मशीनला शंका कळते," तेजल म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

नानांना वेगळंच लागलं होतं. "माझ्या बापाने धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही, घरात कोणाच्या अंगात आलेलं नाही. बाबा आला असता तर उंबऱ्यावरूनच हाकलला असता. पण हा टाय घालून आला, लॅपटॉप उघडला, सायन्स सायन्स म्हणाला. मीच सुनेला म्हटलं, जा गं, शिकलेला माणूस दिसतोय." म्हातारा हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

सून, म्हणजे तेजलची आई, तिसऱ्या रांगेत लेकीला घेऊन बसली होती. मी रांगेत घुसले. "फोन काढा. फॉर्म उघडा. आणखी नऊ नावं घालायची आहेत."

"हळू बोला ना बाई! सरांनी हिचं पक्कं सांगितलंय. पाकीट पण दिलंय."

हे पाकीट हीच सरांची खरी करामत. तोंडाने ते सगळ्यांनाच 'मिळणार' सांगायचे. शिवाय प्रत्येकाला मशीनचा गुप्त अहवाल म्हणून एक चिकटवलेलं पाकीट द्यायचे, वर मुलाचं नाव, चिकटवलेल्या जागी आईबापाची सही. नियम असा की कॉलेज मिळालं, तर पाकीट न उघडता सरांना परत आणून द्यायचं. नाही मिळालं तरच फोडायचं. मध्येच फोडलं तर म्हणे ऊर्जा फुटते.

एव्हाना सरांनी मला हेरलं होतं. "काय बाई, शंका आहे?"

"आहे ना. एकोणनव्वदला पंच्याण्णवचं कॉलेज कसं मिळतं, तेवढं फळ्यावर मांडून दाखवा."

"गणिताच्या बाई वाटतं! बाई, गणित बाहेरचं बघतं, मशीन आतलं बघतं!" हॉल खो खो हसला. "पुरावा पाहिजे? सुगंधाताई, या वर!"

सुगंधाताई स्टेजवर चढल्या. मागोमाग त्यांची मुलगी रुचिरा आली. गेल्या वर्षीची माझी विद्यार्थिनी. एक्याण्णव टक्के, गणितात अठ्ठ्याण्णव. आता मरोळच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, असं कानावर आलं होतं.

सुगंधाताईंनी गेल्या वर्षीचं फोडलेलं पाकीट उंच धरलं आणि आतला कागद वाचला. "'पाल्यास पसंतीचे कॉलेज मिळणार नाही. सायन्स झेपणार नाही.' बघा! तोंडान 'मिळतला' म्हणाले, आमचा मन मोडूक नको म्हणान. पण खरा काय ता आधीच लिवन ठेवलेला! मग मी म्हटलंय, नशिबातच नाय तर कित्याक धडपड? चेडवाक कामाक लावलंय."

कडाडून टाळ्या पडल्या. पोरीचं शिक्षण सुटलं, आणि लोक टाळ्या वाजवत होते! रुचिरा खाली बघत उभी होती. मी जाब विचारायला पुढे सरसावले.

माझ्याआधी तेजल उठली. "सर, एक विचारू? ज्यांना कॉलेज मिळालं, त्यांच्या पाकिटात काय असतं?"

पुढच्या रांगा वळून तिच्याकडे बघू लागल्या.

"बाळा, यशाचं पाकीट उघडायचं नसतं," सर गोड हसले.

"पण का?"

"ऊर्जा असते त्यात. फुटली की..."

"माझी काय फुटणार आता? मला ॲडमिशन मिळून वर्ष झालं," स्टेजच्या पायरीवरून सुयोग म्हणाला. तो गेल्या वर्षीचा यशस्वी विद्यार्थी. पाकीट परत करायला आणि शाल घ्यायला त्याला बोलावलं होतं. सर माइक टाकून त्याच्याकडे धावले, तोवर त्याने पाकीट टरकन फाडलं होतं.

"'पाल्यास पसंतीचे कॉलेज मिळणार नाही. सायन्स झेपणार नाही.'" सुयोगने पुन्हा एकदा वाचलं. "अरे यार, मी तर त्याच कॉलेजात सायन्सला आहे!"

तेजलच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि पर्समधलं पाकीट काढून स्वतःच फोडलं. तेच वाक्य. मी स्टेजवर चढून तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. झेरॉक्स मशीनची काळी रेघसुद्धा तिन्हींवर एकाच जागी होती.

"आता कळलं?" मी माइक उचलला. "तोंडाने हो, कागदावर नाही. कॉलेज मिळालं तर तोंड खरं, नाही मिळालं तर कागद खरा. आणि मिळालेल्यांचं पाकीट बंदच परत, म्हणजे आतलं खोटं कधी कोणाला दिसायलाच नको. असा माणूस चुकणार कसा?"

सर चार्जर आणायला म्हणून मागच्या दाराने गेले, ते गेलेच. पण जल्लोष वगैरे काही झाला नाही. एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या मोठ्याचं तर बरोबर निघालं होतं." एक बाई माझ्यावरच खेकसली, "आता आम्ही कोणाला विचारायचं? तुम्ही येणार का घरोघरी?" तिचं तरी काय चुकलं?

मग तिथेच सतरंजीवर बसून चारपर्यंत फॉर्म भरले. तेजलची दहा नावं झाली. "पहिलं मिळेल, बाई?"

"जवळजवळ नाहीच. चौथं-पाचवं बहुतेक मिळेल. शेवटची दोन मिळायलाच हवीत."

तिच्या आईने सुस्कारा सोडला. "सरांचं ऐकून रात्री झोप तरी लागायची हो."

रुचिरा टेबलावरचा आपला कागद घेऊन भिंतीशी उभी होती. "बाई, म्हणजे मला सायन्स झेपणार नाही, हे कोणी तपासलंच नव्हतं?"

"नाही गं."

"मी वर्षभर खरं मानत होते." मग तिने विचारलं, "तुम्ही एकदा फोन का नाही केलात?"

फटकळ म्हणवणारी मी, पण तेव्हा साधी चौकशीही केली नव्हती. ती कामाला लागली हे ऐकून मी 'घरची अडचण असेल' म्हटलं होतं आणि नव्या वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. "चुकलं माझं," मी म्हटलं. "गेल्या वर्षीच्या मुलांनाही नाव नोंदवता येतं. कागदपत्रं गोळा करून पुढच्या फेरीला तुझा फॉर्म भरू."

"चान्स किती आहे?"

"आत्ता माहीत नाही. यादी बघते, मग सांगते."

सुगंधाताई तोंड फिरवून दाराकडे चालू लागल्या. रुचिरा मात्र माझ्याजवळ बसली.

वाचकहो, मुलाचं पुढे काय होणार हे छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटला, मग तो भस्म लावून येवो नाहीतर टाय लावून, त्याला एकच विचारा: तू चुकलास, तर ते आम्हाला कळणार कसं? उत्तर नसेल, तर तिथून उठा. गेल्या वर्षीची यादी काढा, मुलाचे मार्क शेजारी ठेवा आणि शाळेत येऊन आम्हाला विचारा. आम्ही स्वतःहून चौकशीला नाही आलो, तर आम्हालाही जाब विचारा. गेल्या जूनमध्ये यातलं एक जरी झालं असतं, तर रुचिरा आज बारावीत असती.