दुसरी घागर

"लता, औंदा दोन दे," भिकुबाई म्हणाली, आणि माझ्या हातातली घागर सुटता सुटता राहिली.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, बाजार भरला होता. नगरपंचायतीच्या फाटकाशी माझ्या घागरींची रास मांडलेली. आम्ही कुंभार, ही जागा आमची ठरलेली. भिकुबाई दरवर्षी एकच घागर नेते, तीही दहा ठिकाणी ठोकून पाहून, जशी काही मी तिला आजवर फुटकीच विकत आले!

"दोन कसाले वं अक्का?"

"लागस." एवढंच बोलली. आणि दोन्ही घागरी न ठोकता घेऊन गेली.

आखाजीला आमच्याकडे घरोघर आपल्या मेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, कुंकू लावायचं, नाव घ्यायचं. भिकुबाई नगरपंचायतीच्या स्मशानात कामाला. नवरा झुलालभाऊ तिथं राखणदार होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं. बाईमाणूस मसणात कसं, म्हणून गाव चार दिवस कुजबुजलं आणि गप्प बसलं. दुसरं कोण तयार होतं? बेवारस मढं आलं की नगरपंचायत लाकडं देते, घागर थोडीच देते! ती भिकुबाई भरते, झुलालभाऊची आणि सगळ्या बेवारशांची मिळून एक.

पण प्रत्येक मढ्याचं कापड ती आधी वर करून तोंड पाहते. का, ते गावाला माहीत आहे. तिचा पोरगा समाधान केळीच्या ट्रकवर दिल्लीकडे गेला, त्याला आता वर्षं लोटली. ट्रक परत आला, समाधान आला नाही. वाटेत चहाला उतरला तो दिसलाच नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. पोलीस झाले, देवऋषी झाले. त्याच्या नावाची घागर मात्र तिनं कधी भरली नाही. "मी लोकेस्ना पोऱ्यास्ले पानी देस," म्हणायची, "मना पोऱ्याले बी कोनीतरी दीच ना!"

आणि घरात रत्ना, समाधानची बायको. धड सवाशीण नाही, धड विधवा नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. ही बिचारी सासूजवळ भाकरी थापत बसलेली. तिच्या भावांनी चांगलं स्थळ पाहून ठेवलं होतं. पण नवऱ्याची घागर भरल्याशिवाय पाट कसा लावायचा? भाऊ येऊन बोलून गेले. रत्ना एक शब्द बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानंच म्हातारी खचली असं मला वाटतं.

म्हणून दोन घागरी. पोरगा मेला असं तिनं शेवटी कबूल केलं तर! बाजारभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

आखाजीला दुपारी पुरणपोळी आणि रस खाऊन गाव आडवं झालं. मी एक डांगर उचललं आणि स्मशानाकडे निघाले. वैशाखातल्या दुपारी आमचा सातपुडा जमिनीला टेकलेला नसतोच. उन्हात निळा निळा तरंगत असतो. त्याच्याकडे जाणारी वाट पाण्यासारखी हलते, आणि त्या वाटेवरून येतंय ते माणूस की झाड, जवळ येईपर्यंत कळत नाही. मागून झोक्यावरची गाणी येत होती, झोपेत ऐकू यावीत तशी. मी जागी आहे की नाही, असंच मला वाटायला लागलं.

स्मशानाच्या फाटकाबाहेर वाटेच्या कडेला एक घागर होती. ओलं फडकं गुंडाळलेली, वर पेला उपडा. ना कुंकू, ना डांगर. आत निंबाखाली दुसरी होती, तिची पूजा रीतीनं झालेली. भिकुबाई तिच्याजवळ बसली होती.

"बाहेरनी घागर कोनी?" मी विचारलं.

"समाधाननी."

"मंग पूजा का नही करी?"

"तहान काय मरेलस्लेच लागस? जित्ताले बी लागस."

मला राग आला. खरंच आला. "आनि रत्नानं काय, अक्का? तिनी जिंदगी अशीच जाई का?"

"तिले सकायनी गाडीवर बसाडी दिधं. मायरले. तिना भाऊस्ले सांगं, पाट लावा, मी बी येसू."

"आनि उद्या तो परत उना तं?"

भिकुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "उना तं दार उघडाले मी शे ना."

मला भडभडून आलं. तीच मला म्हणाली, "रडू नको वं. डांगर काप."

फोडी करून आम्ही खात बसलो. आता झोक्यावरच्या गाण्यांत रत्नाही असेल, तिच्या गावी. तेवढ्यात डोंगराकडच्या वाटेवर काहीतरी हललं. भिकुबाईच्या हातातली फोड हातातच राहिली. उंची तीच, एक खांदा टाकून चालणंही तेच. ती उठली. मीही उठले. खोटं कशाला सांगू, समाधानचं नाव माझ्याही ओठांवर आलं होतं.

जवळ आला तो पाड्यावरचा कोणी अनोळखी गडी निघाला. घागरीशी थांबला, दोन पेले पाणी प्याला, चोपड्याची गाडी गेली का म्हणून विचारलं आणि चालू लागला.

भिकुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पेला विसळून जागेवर उपडा ठेवला आणि कळशी घेऊन हापशाकडे निघाली. घागर थोडी उणी झाली होती.