जावईबापूंनी सासूबाईंची जागा मोकळी केली

रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ती नेटवर्क सांभाळायची. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला, मग तो संगणक असो, प्रिंटर असो की फाटकावरचा कॅमेरा, नेटवर्कवर आकड्यांचा एक पत्ता लागतो. एकच पत्ता चुकून दोघांना गेला की दोघंही हटून बसतात. कुणाला कुठला पत्ता दिलाय ते एका सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायचं आणि भांडणं होऊ द्यायची नाहीत, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला पत्तेवाली म्हणायचे. नवीन लागलेल्या लोकांना वाटायचं, बाई जुगारबिगार खेळते की काय.

सॉफ्टवेअरमध्ये यंत्राच्या नावाचा एक रकाना होता. तिथे मजला, विभाग असं काहीतरी रुक्ष लिहायचं असतं, पण तसं लिहिलेलं पत्तेवालीच्या लक्षात राहायचं नाही. त्यापेक्षा नात्यातली माणसं बरी. फाटकावरचा कॅमेरा म्हणजे आत्याबाई, कारण कोण कुणाबरोबर आलं हे त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नाही. सगळ्या फायली पोटात घेऊन बसलेला आणि मागितल्या की ढिम्म न हलणारा सर्व्हर म्हणजे थोरले काका. आणि पहिल्या मजल्यावरचा अवाढव्य जुना प्रिंटर म्हणजे सासूबाई. कामाला लागण्याआधी तो बराच वेळ कुरकुरायचा, खडखडायचा, मग सगळ्यांपेक्षा चांगलं काम करून पुन्हा कुरकुरायचा.

एक दिवस मॅनेजर साहेब कुठल्याशा बैठकीहून आले ते हातात पाण्याची बाटली आणि डोक्यात एआय घेऊनच.

"सगळे लावतायत," ते म्हणाले. "आपण कशाला लावायचा?"

"पत्त्यांना लावू," पत्तेवाली म्हणाली. रोज उठून 'मला एक पत्ता द्या' ऐकायचा तिला वीट आला होता.

तिने एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच उरकणारा प्रोग्राम, त्या सॉफ्टवेअरला जोडला. घरात नवा, बोलायला गोड आणि मागेल ते द्यावं लागणारा, म्हणून त्याचं नाव ठेवलं जावईबापू. आधी त्याने सॉफ्टवेअरमध्ये शिरायची किल्ली मागितली, मग नोंदी पाहायची परवानगी, मग पत्ते द्यायची, मग काढून घ्यायची. शेवटी लोकांना मेल पाठवायचीही मागितली. पत्तेवालीने सगळ्याला हो म्हटलं. जावयाला नाही कोण म्हणणार?

आणि काम झकास चाललं. प्रयोगशाळेतल्या नव्या वजनकाट्याला पत्ता हवा होता, तो मागणाऱ्याची खुर्ची गरम व्हायच्या आत मिळाला. कधीपासून एकमेकांच्या उरावर बसलेले दोन फोन जावईबापूंनी हळूच वेगळे केले. पत्तेवालीला कॉफी गरम असताना प्यायला मिळू लागली. माणूस सुखावला की बेसावध होतो, तशी तीही झाली.

शुक्रवारी तिची दाढ ठणकत होती. दुपारी दाताच्या डॉक्टरकडे निघताना तिने घाईघाईत जावईबापूंना लिहिलं, "बरेच दिवस हाकेला ओ देत नसतील ते गेले असं समज. त्यांची जागा मोकळी कर आणि संबंधितांना कळव." नेटवर्कवर एका यंत्राने दुसऱ्याला 'आहेस का?' म्हणून विचारणं, त्यालाच ती हाक मारणं म्हणायची. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि गेली.

आता झालं होतं असं की कुणीतरी मागच्या महिन्यात नव्या कॉफी मशीनसाठी प्रिंटरचा प्लग काढला होता. मशीनही नेटवर्कवर चालणारी, तिलाही पत्ता हवा होता. लोक मुकाट्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन छपाई करत होते. जावईबापूंनी सासूबाईंना हाका मारल्या, ओ आली नाही. संबंधित कोण, हे शोधलं, तर अख्ख्या ऑफिसाने कधी ना कधी त्यांच्याकडून काहीतरी छापून घेतलेलं. मग अख्ख्या ऑफिसाला मेल गेला:

"कळविण्यास खेद होतो की सासूबाई बऱ्याच काळापासून प्रतिसाद देत नव्हत्या. वारंवार हाका मारूनही ओ न आल्याने त्या गेल्या असे धरण्यात आले आहे. त्यांची जागा कॉफी मशीनला देण्यात आली आहे. जबाबदार व्यक्ती: पत्तेवाली."

मेल पत्तेवालीच्याच विभागातून आलेला. प्रिंटरचं ते नाव तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ऑफिस सुन्न झालं.

"कॉफी मशीनचं काय लिहिलंय हे?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

"दुःखात माणूस काहीबाही लिहितो," हिशेबनीस बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि बघा ना, स्वतःलाच जबाबदार धरतेय बिचारी. सुनेचं मन असंच असतं हो."

पत्तेवाली फोन उचलेना, तेव्हा तर खात्रीच पटली. मॅनेजर साहेब, हिशेबनीस बाई आणि आणखी चार-पाच जण चेहरे पाडून तिच्या घरी गेले.

घरी सासूबाई स्टुलावर उभ्या राहून पंखा पुसत होत्या. त्या शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. "दार उघडंच आहे, या!" असं त्यांनी वरूनच पुकारलं आणि मंडळी खाली मान घालून आत आली.

"आपण त्यांच्या बहीण का?" मॅनेजर साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कुणाच्या?"

"गेल्या त्यांच्या."

"कोण गेलं?" सासूबाई फडकं हातात तसंच धरून खाली उतरल्या.

"पत्तेवालीच्या सासूबाई."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. सुनेला सासू एकच होती. "म्हणजे मी," त्या म्हणाल्या.

हिशेबनीस बाई मटकन सोफ्यावर बसल्या. मॅनेजर साहेब आधी सासूबाईंकडे, मग पंख्याकडे, मग दाराकडे बघू लागले. त्यांच्या खिशात चार ओळी लिहिलेला कागद होता आणि तो वर डोकावत होता. सासूबाईंनी तो बरोबर हेरला.

"भाषण लिहून आणलंय? वाचा की मग. एरवी ऐकायला कुठे मिळतं?"

साहेबांची गत धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली. त्यांनी घसा खाकरला. "अत्यंत प्रेमळ, शांत स्वभावाच्या..."

"शांत?" सासूबाई गरजल्या. "घर चुकलात तुम्ही!"

एवढ्यात पत्तेवाली दारात आली. बाहेर चपलांचा ढीग बघून ती शेवटच्या पायऱ्या धावतच चढली होती. त्यात दातासाठी दिलेल्या इंजेक्शनने अर्धा चेहरा बधिर झालेला, ओठ एका बाजूला लोंबत होता. हिशेबनीस बाईंनी उठून तिला मिठीच मारली. "सांभाळ गं स्वतःला!" त्या म्हणाल्या. सासूबाई समोर धडधाकट उभ्या आहेत, हे त्या गडबडीत विसरल्या.

साहेबांनी फोनवरचा मेल तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने वाचला आणि कपाळावर हात मारला.

"फ्लिंटल!" ती ओरडली. "फ्लिंटल गेलाय! सासूबाई नाही, फ्लिंटल!"

"काय म्हणतेय ही?"

"प्लि... न... टल!"

शेवटी तिने हाताने कागद बाहेर येतोय अशी नक्कल केली, तोंडाने घरघर केली, आणि साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, प्रिंटर! पहिल्या मजल्यावरचा!"

सगळे इतके हसले की शेजारीण डोकावून गेली. हसता हसता एकेकाच्या लक्षात आलं की सासूबाई हसत नाहीत. त्यांनी साहेबांच्या हातातून फोन घेतला, चष्मा लावला आणि मेल सावकाश वाचला.

"म्हणजे एका यंत्राला माझं नाव दिलंयस."

पत्तेवालीने मान हलवली. बधिर जिभेने खोटं बोलायचं तर तेही धड जमलं नसतं.

"का?"

"ते खूप कुलकुलतं," पत्तेवाली म्हणाली, "पण काम शगळ्यांत चांगलं कलतं."

सासूबाईंनी चष्मा काढला. "सोमवारी मला दाखव," एवढंच म्हणाल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

सोमवारी त्या ऑफिसात हजर. प्रिंटरभोवती एक चक्कर मारली, मागे वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिचा प्लगच काढलाय की! मेली कसली? उपाशी ठेवलंय हिला." प्लग लावताच प्रिंटर खडखडला. पण पत्ता गेलेला, त्यामुळे छापेना. पत्तेवाली जावईबापूंकडे जागा परत मागायला बसली, तेव्हा सासूबाईंनी तिला बाजूला सारलं आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं.

"मी सासूबाई. माझी जागा परत द्या."

"सासूबाईंची नोंद बंद झाली आहे," जावईबापूंचं उत्तर आलं. "त्या हाकेला ओ देत नव्हत्या."

"नुसतं टुकटुक केलं तर कोण ओ देईल? नीट हाक मारून बघितलीत का? माणूस पाठवलात?"

जावईबापूंनी लिहिलं, "नाही. आपलं म्हणणं बरोबर आहे. मी घाई केली, माफ करा. यापुढे आधी जबाबदार व्यक्तीला विचारीन."

"शहाणा आहे हो," सासूबाई मागे वळून म्हणाल्या. "आपल्या घरातलं कुणी इतक्या लवकर माफी मागत नाही."

पत्तेवालीने त्याच दिवशी जावईबापूंची मेल पाठवायची परवानगी काढून घेतली आणि कुणाचीही जागा मोकळी करायची तर आधी तिची मंजुरी लागेल अशी सोय केली. प्रिंटरला त्याचा पत्ता मिळाला, कॉफी मशीनला दुसरा. नाव मात्र तिने बदलायला घेतलं, तर सासूबाईंनी हात धरला.

"नाव राहू दे. पण मी प्रिंटर होणार नाही. पहिला पत्ता कुणाचा आहे?"

"तो राउटरचा. बाहेरचं, आतलं सगळं त्याच्यातूनच जातं. त्याला विचारल्याशिवाय कुणालाच बाहेर पडता येत नाही."

"मग ती मी," सासूबाई म्हणाल्या. "प्रिंटरला सूनबाई म्हण."

त्यानंतर नेटवर्क मंदावलं की साहेब आपल्या काचेच्या केबिनमधून हळूच विचारतात, "सासूबाईंचं काही बिनसलंय का?" त्याची पत्तेवालीला सवय झाली. तिची पंचाईत झाली ती वेगळीच. त्या शुक्रवारच्या चहापासून हिशेबनीस बाई आणि सासूबाई यांचं असं मेतकूट जमलं की दोघी रोज सकाळी मिळून फिरायला जाऊ लागल्या. आता पत्तेवाली ऑफिसात पाऊल टाकते न टाकते तोच हिशेबनीस बाई हसत विचारतात, "काय गं, काल भाजी पुन्हा करपवलीस म्हणे?"